अंबरमधली मुंगी: चिठ्ठीवरचं नाव कितपत खरं मानायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोलंडमधल्या ग्दान्स्कहून आणलेलं बाल्टिक अंबरचं लॉकेट, आत एक मुंगी, आणि सोबतच्या चिठ्ठीवर 'क्टेनोबेथिलस गोएपर्टी, ४ कोटी वर्षं, नामशेष जात'. मुंगी मात्र आपल्या ओट्यावर फिरणाऱ्या काळ्या मुंगीसारखीच दिसते. मग ती नामशेष कशी? फसवणूक तर झाली नाही ना? आणि वरून खडा ओरखडलेला, गढूळ आहे, तर मुंगी नीट दिसावी म्हणून घरी घासला तर चालेल का?

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. खडा खरंच अंबर आहे का, हा पहिला. मुंगी त्या राळेत तेव्हाच अडकली की नंतर कोणी आत बसवली, हा दुसरा. आणि ती त्याच जातीची आहे का, हा तिसरा. बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच गोंधळतात. पहिल्या दोघांची उत्तरं मिळेपर्यंत नावाला हात लावू नका. तिसऱ्याचं उत्तर कितपत मिळेल हे मुंगी खड्यात कशी पडली आहे यावर ठरतं: कुशीवर असेल तर बरंच कळतं, पोट बुडबुड्यात गुंतलं असेल तर काही गोष्टी कधीच कळत नाहीत.

अंबरला आपल्याकडे तृणमणी म्हणतात, कारण कापडावर घासला की तो गवताची काडी ओढून घेतो. नाव सुंदर आहे, पण परीक्षा म्हणून निरुपयोगी. प्लास्टिकचा कंगवाही काडी ओढतो. तापलेली सुई टोचून वास बघा, असा सल्लाही सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. सुईचं भोक कायमचं राहतं, भोवती तडा जातो, आणि तो तडा मुंगीपर्यंत पोहोचला की नमुना संपला.

त्यापेक्षा मिठाचं पाणी घ्या. बहुतेक ठिकाणी 'भरपूर मीठ घाला' एवढंच सांगितलेलं असतं आणि चूक तिथेच होते. अंबरची घनता साधारण १.०५ ते १.१० असते. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलं तर द्रावणाची घनता १.२० च्या आसपास जाते, आणि त्यात १.१८ घनतेचं ॲक्रिलिकही तरंगतं. म्हणून २५० मिलिलिटर पाण्यात मोजून ५० ग्रॅम मीठ घाला. घनता साधारण १.१२ येते. यात अंबर तरंगतं. ॲक्रिलिक, पॉलिस्टर रेझिन, बेकेलाइट बुडतात. आधी चांदीची कडी काढा, नाहीतर खरं अंबरही बुडेल. खड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटानं पुसा, नाहीतर खोटंही तरंगेल. नंतर साध्या पाण्यानं धुऊन मऊ कापडानं टिपून घ्या.

या परीक्षेतून दोन लबाड निसटतात: पॉलिस्टायरीन आणि कोपल. कोपल म्हणजे कच्ची राळ, काहीशे किंवा काही हजार वर्षांची, अजून पुरती न घट्टलेली. इथे एक फरक सांगून ठेवतो, कारण मराठीत आपण दोन्हीला डिंकच म्हणतो. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. अंबर डिंकापासून होत नाही, राळेपासूनच होतं. कोपलमधली मुंगी खरी असते, पण ती आजचीच म्हणावी इतकी अलीकडची. तिला ४ कोटी वर्षांची म्हणून विकणं ही बाजारातली सगळ्यात सोपी फसवणूक.

त्यावर उपाय ॲसिटोन. नेलपॉलिश काढायचं द्रावण नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. शुद्ध ॲसिटोन घ्या. खड्याच्या मागच्या कडेला, मुंगीपासून शक्य तितक्या लांब, काडीच्या टोकानं एक थेंब ठेवा, ३० सेकंद थांबा आणि बोट दाबून बघा. चिकट लागलं, बोटाचा ठसा उमटला, तर कोपल किंवा पॉलिस्टायरीन. बाल्टिक अंबरवर फार तर चकाकी किंचित उतरते. मात्र ही चाचणी सगळ्या अंबरना सारखी लावू नका. गुजरातमध्ये सुरतजवळच्या वस्तान आणि तडकेश्वरच्या लिग्नाइट खाणींत मिळणारं खंबातचं अंबर ५ कोटी वर्षांहून जुनं आहे, तरी ते सॉल्व्हंटमध्ये बरंचसं विरघळतं. संशोधकांनी त्यातले कीटक तसे विरघळवून पूर्ण बाहेरही काढले आहेत. तेव्हा ॲसिटोननं चिकट झालं म्हणजे नवंच, असा सार्वत्रिक नियम नाही. बाल्टिकला तो लागू पडतो, इतकंच.

उलट बाजूनंही सावध राहा. दाब आणि उष्णता देऊन कोपल घट्ट करतात, मग ते ॲसिटोनला दाद देत नाही. अशी शंका असेल तर रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेतून इन्फ्रारेड चाचणी करून घ्यावी. बाल्टिक अंबरच्या आलेखात १२५० ते ११८० (एकक: प्रति सेंटिमीटर) च्या दरम्यान एक सपाट पायरी आणि लगेच ११६० च्या जवळ तीक्ष्ण टोक येतं. त्याला 'बाल्टिक शोल्डर' म्हणतात. अहवाल मागताना तोंडी निष्कर्षावर समाधान मानू नका, आलेखाची प्रत मागा.

आता दुसरा प्रश्न. खडा खरा आणि मुंगी बसवलेली, असंही होतं. सगळ्यात गाजलेलं उदाहरण लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधलं आहे. तिथे बाल्टिक अंबरमधली एक माशी अनेक वर्षं प्राचीन म्हणून जपलेली होती. आजच्या काळातली फॅनिया स्कॅलॅरिस ही जात ४ कोटी वर्षांपूर्वीही जशीच्या तशी होती, असा अर्थ त्यातून निघत होता. १९९३ मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक अँड्र्यू रॉस ती तपासत असताना सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यानं खडा तापला आणि माशीभोवती तडा उमटला. खड्याचे दोन भाग करून, एक पोखरून, आत आधुनिक माशी ठेवून, पुन्हा चिकटवलेलं होतं. अंबर खरं, माशी खरी, काळ खोटा. एवढ्या अनुभवी लोकांच्या नजरेतून ते सुटलं, याचं कारण सगळे माशीकडे बघत होते, खड्याच्या कडेकडे नाही.

म्हणून कडेकडे बघा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन खडा बुडवा आणि पाठीमागून पांढरा प्रकाश सोडा. पाण्यानं ओरखडे पुसट होतात आणि आतलं दिसू लागतं. खडा बाजूनं फिरवत राहा. राळ झाडावरून ओघळताना थरावर थर चढतात, त्यामुळे खऱ्या खड्यात थरांच्या रेषा दिसतात आणि मुंगी बहुधा दोन थरांच्या सीमेवरच असते. हे थर वळणदार असतात, कुठे जाड, कुठे पातळ. चिकटवलेला सांधा मात्र पट्टीनं आखल्यासारखा सरळ असतो, खड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो, आणि त्या पातळीत चपटे गोल बुडबुडे दिसतात. थर बघून घाबरायचं नाही. सरळ रेषा बघून मात्र थांबायचं. ३६५ नॅनोमीटरची यूव्ही बॅटरी असेल तर अंधारात हेच पुन्हा बघा. बाल्टिक अंबर निळसर-पांढरं ते पिवळसर उजळतं. तो रंग खरेखोटेपणाचा पुरावा म्हणून मी धरत नाही, पण गोंदाची रेघ वेगळ्या रंगात उठून दिसते, आणि ती बघायला याहून स्वस्त साधन नाही.

मुंगीच्या बाजूनं साक्ष देणाऱ्याही काही खुणा आहेत. बाल्टिक अंबरमधल्या कीटकांच्या एका अंगाला बऱ्याचदा दुधासारखी पांढरी साय असते. शरीर कुजताना सुटलेला ओलावा आणि वायू भोवतालच्या राळेत शिरून बारीक बुडबुड्यांचा थर होतो, तोच हा. विक्रेते याला दोष म्हणतात आणि किंमत पाडतात. माझ्या लेखी ही चांगली खूण आहे, कारण ती नक्कल करणं फार अवघड. दुसरी खूण म्हणजे ओकच्या झाडाचे चांदणीसारखे केस. एका बिंदूतून पाच-सहा काटे फुटलेले बारीक तपकिरी तारे. ते बाल्टिक अंबरमध्ये इतके सर्रास सापडतात की १० पट भिंगानं आधी तेच शोधावेत. आणि तिसरी, मुंगीची अवस्था. पाय ताणलेले, एखादी मिशी वळलेली, कधी एखादा पाय तुटून बाजूला. मधोमध, सगळे पाय सारखे पसरून, शाळेच्या तक्त्यातल्यासारखी बसलेली मोठी मुंगी दिसली की शंका घ्या.

इथवर सगळं जमलं तर घासायचा विचार करा. त्याआधी मात्र न घासता काम भागतं का ते बघाच. ओरखड्यांवर ग्लिसरीनचा एक थेंब ठेवून वर सूक्ष्मदर्शकाची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, टेकवा. अंबरचा अपवर्तनांक १.५४, ग्लिसरीनचा १.४७, पाण्याचा १.३३. त्यामुळे ग्लिसरीन ओरखडे जवळपास भरून टाकतं आणि काच सपाट खिडकीचं काम करते. काम झालं की पाण्यानं धुतलं, संपलं. निम्म्याहून अधिक खड्यांचं काम एवढ्यातच होतं. पण खडा घुमटासारखा गोल असेल तर ग्लिसरीन पुरत नाही, कारण गोल पृष्ठभाग स्वतःच भिंग होतो: मुंगी मोठी दिसते, एका दिशेनं ताणलेली दिसते, डोक्याची लांबी-रुंदी मोजली तर चुकीची येते. तेव्हा एक सपाट खिडकी पाडावी लागते.

खिडकी कुठे पाडायची ते आधी ठरवा. मुंगीची कूस समोर येईल अशी एक, आणि जमलं तर चेहरा समोर येईल अशी दुसरी. दोन्ही शक्य नसतील तर कूस निवडा, कारण कंबर तिथूनच दिसते. खोली वरून अंदाजानं ठरवू नका. वरून बघताना मुंगी खरी आहे त्यापेक्षा वर आल्यासारखी वाटते: ३ मिलिमीटर खोल असेल तर साधारण २ मिलिमीटरवर दिसते. ही चूक सुरक्षित बाजूची आहे. पण घुमटाच्या खड्यात ती सगळीकडे सारखी राहत नाही. म्हणून खडा पाण्यात बुडवून बाजूनं बघा आणि मुंगीच्या सगळ्यात वर आलेल्या भागापासून, बहुधा तो गुडघा असतो, पृष्ठभाग किती दूर आहे ते मोजा. किमान १ मिलिमीटर अंबर वर शिल्लक राहिलं पाहिजे.

सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ६००, १२००, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर, एक जाड सपाट काच, आणि शेवटच्या चकाकीसाठी सीरियम ऑक्साइडची पूड, जी गाडीच्या काचा पॉलिश करणारे वापरतात. कागद ओला करून काचेवर अंथरा आणि खडा बोटानं हलका दाबून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. दर १० फेऱ्यांनी धुऊन बघा. ६०० वर खिडकी सपाट झाली की पुढच्या नंबरवर जाण्याआधी खडा आणि हात दोन्ही वाहत्या पाण्याखाली धुवा. आधीच्या कागदाचा एक कण जरी उरला तरी तो २००० नंबरवर लांब ओरखडा पाडतो आणि परत मागे यावं लागतं. प्रत्येक नंबरवर घासायची दिशा ९० अंशांत बदला. आधीच्या दिशेचे ओरखडे पूर्ण गेले की समजायचं, या कागदाचं काम झालं. शेवटी जीन्सचं जुनं कापड काचेवर ताणून, त्यावर सीरियम ऑक्साइडची पातळ लापशी करून दोन-तीन मिनिटं.

काय बिघडतं? मुख्यतः उष्णता. कोरडं घासलं किंवा ड्रिलला बफ लावून फिरवलं की अंबरचा पृष्ठभाग मऊ होतो, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो आणि कागदावर पिवळट गोळे जमतात. राळेचा सुगंध यायला लागला तर तो आनंदाचा क्षण नाही, थांबायचा आहे. दुसरा बिघाड जास्त गंभीर. अंबरमधली मुंगी म्हणजे भरीव मुंगी नव्हे. बहुतेक वेळा ती मुंगीच्या आकाराची पोकळी असते आणि पोकळीच्या भिंतीला काळपट कवचाचा पातळ पापुद्रा असतो. घासता घासता गुडघ्याचं टोक जरी उघडं पडलं तरी पाणी आणि पॉलिशची पूड आत शिरते, आणि काल काळी दिसणारी मुंगी उद्या राखाडी, धुरकट दिसते. ते परत काढता येत नाही. म्हणून शेवटच्या मिलिमीटरच्या मोहात पडू नका. काही मुंग्या मुळातच चांदीसारख्या चमकतात. कवच आणि अंबर यांच्यात हवेची फट राहिल्यानं तसं होतं, त्यात घासण्याचा दोष नाही आणि घासून ते जाणारही नाही.

आता नाव. याची तयारी खड्यावर नको, घरच्या मुंग्यांवर करा. एक मेलेला मुंगळा घ्या आणि एक लाल चावरी मुंगी. १० पट भिंगाखाली दोघांची कंबर बाजूनं बघा. मुंगळ्याच्या छाती आणि पोट यांच्यामध्ये एकच उभी गाठ दिसते, खवल्यासारखी. लाल मुंगीला दोन गाठी दिसतात, एकामागे एक, मण्यांसारख्या. मग मुंगळ्याच्या पोटाचं अगदी शेवटचं टोक बघा: तिथे एक बारीक गोल छिद्र आहे आणि भोवती केसांची झालर. फॉर्मिक आम्ल तिथून फवारलं जातं. हे दोन अवयव डोळ्यांत नीट बसले की अंबरमधल्या निम्म्या मुंग्या उपकुळापर्यंत लावता येतात.

खड्यातल्या मुंगीला कमरेत दोन गाठी असतील तर चिठ्ठी चुकीची, तिथेच विषय संपला. एक गाठ असेल तर पोटाचं टोक बघा. गोल छिद्र आणि केसांची झालर म्हणजे फॉर्मिसिनी उपकुळ, आणि मग बाल्टिक अंबरमध्ये लेझियस शीफरडेकेरी किंवा फॉर्मिका फ्लोरी यांचा विचार करायचा. छिद्राऐवजी आडवी फट असेल, झालर नसेल, नांगीही नसेल, तर डॉलिकोडेरिनी उपकुळ, क्टेनोबेथिलस यातली. पोटाचं टोक बुडबुड्यात झाकलेलं असेल, आणि ते फार वेळा असतं, तर चेहऱ्याकडे वळा. डोक्याच्या माथ्यावर तीन ठळक साधे डोळे दिसले तर फॉर्मिकाची शक्यता मोठी. तोंडावरची ढालीसारखी पट्टी मिशांच्या दोन खोबणींच्या मधून मागे घुसलेली दिसली तर कल डॉलिकोडेरिनीकडे. आणि गोएपर्टीचं डोकं मागे रुंद असतं, मागची कड मधोमध किंचित आत दबलेली, म्हणजे समोरून बघताना बदामाचा आकार. हा आकार घुमटाच्या खड्यातून कधीही ठरवू नका, वर सांगितलेल्या ताणामुळे गोल डोकंही बदाम दिसतं.

मिशांचे सांधे मोजायचे असतील तर किमान ४० पट भिंग लागतं. कामकरी मुंगीत ते १२ असायला हवेत: एक लांब दांडा आणि पुढे ११. तळापासून टोकाकडे मोजा, मग टोकापासून तळाकडे, मग दुसरी मिशी. दोन्ही मिशांचा आकडा जुळेपर्यंत लिहू नका. मिशी तुमच्याकडे वळलेली असेल तर तीन सांधे एकावर एक येतात आणि ९ किंवा १० मोजले जातात. नव्या जातीचे बहुतेक घरगुती दावे इथूनच जन्मतात.

हे सगळं का सांगतोय, तर या जातीच्या नावाचा इतिहासच ओळख चुकण्याचा आहे. ऑस्ट्रियाचे गुस्ताव मायर यांनी १८६८ मध्ये बाल्टिक अंबरमधल्या मुंग्यांवर पहिला मोठा अभ्यास छापला आणि हिला हायपोक्लिनिया गोएपर्टी म्हटलं. १९१५ मध्ये विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी क्योनिग्सबर्गच्या संग्रहातल्या हजारो मुंग्या तपासून तिला इरिडोमिर्मेक्स या वंशात टाकलं. १९३९ मध्ये चार्ल्स ब्रूस यांनी अंबरमधला एक कीटक बेथिलिड कुळातली गांधीलमाशी समजून त्याला क्टेनोबेथिलस हे नाव दिलं. ती गांधीलमाशी नव्हतीच, मुंगी होती, आणि तीसुद्धा मायरचीच मुंगी. रशियाचे गेन्नादी द्लुस्की यांनी १९९७ मध्ये हा गुंता सोडवला, आणि नामकरणाच्या नियमांप्रमाणे वंशाचं नाव ब्रूस यांचं राहिलं, जातीचं मायर यांचं. त्यामुळे आज एका मुंगीच्या नावात गांधीलमाशीचं कुळ बसलेलं आहे. तज्ज्ञांचीही अशी गत होते, तर विक्रेत्याच्या चिठ्ठीवर किती भरवसा ठेवायचा ते त्यावरून ठरवा.

तरीही चिठ्ठीवरचा अंदाज मी फेटाळणार नाही. बाल्टिक अंबरमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी मुंगी हीच. कधी एकाच खड्यात त्यांचा घोळका असतो. त्या बहुधा राळ गाळणाऱ्या झाडांवरच घरटी करत आणि खोडावरून रांगा लावून फिरत, म्हणून त्या अडकल्या. जमिनीत राहणाऱ्या मुंग्या अंबरमध्ये कमी दिसतात. तेव्हाही त्या असणारच, पण राळेच्या वाटेत आल्या नाहीत. तेव्हा एक गाठ असलेली छोटी काळी मुंगी ही गोएपर्टी निघण्याची शक्यता खरंच चांगली आहे. मात्र शक्यता आणि ओळख वेगळ्या. कंबर आणि पोटाचं टोक दिसलं नसेल तर लेबलवर 'क्टेनोबेथिलस सीएफ. गोएपर्टी' असं लिहा. सीएफ. म्हणजे 'ताडून पाहावं'. संग्रहात याला कमीपणा मानत नाहीत. उलट न बघता पूर्ण नाव लिहिणाऱ्याच्या बाकीच्या लेबलांवरचाही विश्वास जातो.

'आपल्या घरच्या मुंगीसारखी दिसते, मग नामशेष कशी' हा भाग राहिला. दिसण्यातलं साम्य खरं आहे. बाल्टिक अंबरचं वय साधारण ३.४ ते ४.८ कोटी वर्षं धरतात, आणि तोवर मुंग्यांचा आजचा आराखडा पक्का झाला होता. लेझियस शीफरडेकेरी आजच्या युरोपातल्या काळ्या लेझियस नायजरच्या इतकी जवळची दिसते की हा सारखेपणा मायर यांच्यापासून सगळ्यांनी नोंदवला आहे. विणकर मुंगीचा वंश, ओइकोफिला, हाही त्या अंबरमध्ये आहे: ओइकोफिला ब्रिश्केई. कोकणात आणि गोव्यात आंब्या-काजूच्या झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या त्याच वंशाच्या. वंश जिवंत, तो बाल्टिक प्रदेशातून मात्र गेला, आणि जात संपली. क्टेनोबेथिलसच्या बाबतीत तर अख्खा वंशच संपला. आजच्या मुंग्यांत तिच्याशी सगळ्यात मिळताजुळता वंश लिओमेटोपम, जो आपल्या ओट्यावर येत नाही. म्हणजे नामशेष हा शब्द रूप विचित्र आहे म्हणून लागत नाही. जबड्यांचे दात, कमरेची गाठ, डोक्याची ठेवण यांचा तोच नेमका संच असलेली मुंगी आज जिवंत सापडत नाही, म्हणून लागतो.

खरोखर विचित्र दिसणाऱ्या मुंग्या हव्या असतील तर त्याहून दुप्पट जुन्या काळात जावं लागतं. न्यू जर्सीच्या क्लिफवूड इथल्या अंबरमध्ये १९६६ मध्ये सापडलेली आणि १९६७ मध्ये वर्णन झालेली स्फेकोमिर्मा फ्रेई, किंवा म्यानमारच्या ९.९ कोटी वर्षांच्या अंबरमधल्या, वर उघडणारे कोयत्यासारखे जबडे असलेल्या हायडोमिर्मेक्स. ही नावं बाल्टिक खड्यावर कोणी चिकटवली तर ती सरळ चुकीची. आणि म्यानमारचं अंबर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका असंच मी सांगेन: काचिन प्रांतातल्या त्या खाणी सशस्त्र संघर्षात सापडलेल्या आहेत, आणि खडा नेमका कोणत्या हातांतून आला हे विकत घेणाऱ्याला तपासता येत नाही.

लॉकेट आता गळ्यात घालू नका. घाम, अत्तर आणि सॅनिटायझर तिन्ही अंबरवर बारीक जाळी पाडतात. सोनाराच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायला देऊ नका, आतल्या पोकळीपासून तडे फुटतात. कपाटात डांबर गोळ्या किंवा कापूर असेल तर त्या खणात नको. ऊन आणि कोरडी गरम हवा यांनी पृष्ठभाग लाल होत जातो आणि तडकतो. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलरसमोरच्या शोकेसपेक्षा आतल्या खोलीतला घट्ट झाकणाचा डबा बरा. कोकणात उलट, पावसाळ्यात डब्यात कापूस नको, तो ओल धरतो. इपॉक्सीत ओतून ठेवायचा सल्ला मिळेल. संग्रहालयांत ते करतात, पण निर्वात पंपाखाली आणि खास प्रकारच्या रेझिनमध्ये. घरच्या दोन-नळीवाल्या गोंदात बुडबुडे राहतात, तो वर्षभरात पिवळा पडतो आणि काढताही येत नाही.

मुंगी ओळखून घ्यायला फोटो टाकणार असाल तर तीन टाका: कूस, चेहरा, पोटाचं टोक. प्रकाश दोन बाजूंनी, एलईडीचा, मध्ये बटर पेपर. हॅलोजनचा दिवा नको, तो खडा तापवतो. भिंग ४० पट असेल तर एका फोटोत सगळी मुंगी स्पष्ट येणार नाही, म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत ३० ते ६० फोटो काढा आणि ते स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरनं एकत्र करा. शेजारी मिलिमीटरची पट्टी हवीच. ती मुंगीच्या पातळीत येत नाही, वर खड्यावर टेकते, हे ठाऊक आहे, तरी ठेवा. आणि मिठाच्या पाण्यात काय झालं, ॲसिटोनच्या थेंबानं काय झालं, हे फोटोंच्या आधी लिहा.